वेचणीच्या दिवसांत जूनची तजवीज

हातात काम असेल तर ते चालू द्या. भाकरी थापता थापता, तूर निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. बोलणाऱ्या आम्ही म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात गावोगावच्या बचत गटांच्या बैठकीला बसणाऱ्या, वह्या तपासणाऱ्या, कर्जाच्या फाइलसाठी बँकेत सोबत येणाऱ्या तुमच्यातल्याच बाया आहोत. आज पैशाविषयी बोलू. मोठ्या पैशाविषयी नाही, रोजच्या दहा-वीस-पन्नास रुपयांविषयी.

दसरा झाला. सोयाबीन सोंगून झालं, कुठे घरात आलं, कुठे विकूनही झालं. कापूस फुटायला लागला आहे. कोणाच्या वावरात सीतादहीची पूजा झाली असेल, कोणाकडे व्हायची असेल. आता वेचणी सुरू होईल आणि पुढचे तीन-साडेतीन महिने हातात थोडाफार पैसा खेळेल. म्हणूनच हा विषय आम्ही आत्ता घेतला. बचतीचं बोलणं उन्हाळ्यात केलं तर बाया म्हणतात, "आता काय ठेवू बाजूला, आहे काय हातात?" त्यांचं म्हणणं खरंच असतं.

बैठकीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, तर "पैसा येते कुठून अन् जाते कुठं, काही समजतच नाही." हे न समजण्याचं एक कारण आपल्या कामाच्या चक्रात आहे. नोकरदाराच्या घरात दर महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार येतो. त्याचं घर महिन्याच्या हिशेबावर चालतं. आपल्याकडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पैसा येतो, तूर-हरभरा असेल तर होळीपर्यंत. खर्च मात्र बारा महिने आहे. त्यातही सगळ्यात मोठा खर्च येतो तो जूनमध्ये, मृग लागला की. बियाणं घ्यायचं, खत घ्यायचं, पोरांची शाळा सुरू होते म्हणून वह्या, दप्तर, चपला घ्यायच्या. घरावरची कवेलू बदलायची. पहिल्या पावसात घरात कोणी ना कोणी तापाने पडतंच. नेमकं तेव्हा घरात काही नसतं. कर्ज आपल्या दारात येतं ते याच दिवसांत.

तेव्हा आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जूनची तजवीज वेचणीच्या दिवसांत करायची असते. आज ज्या पाच सवयी सांगणार आहोत, त्या सगळ्या याच एका कामासाठी आहेत.

पहिली सवय, रोज रात्री पाच मिनिटं वही.

लेकराची जुनी अर्धी वही घ्या. पानावर दोन उभ्या रेघा मारा, तीन रकाने होतील. आले किती, गेले किती, कशावर गेले. रोज रात्री लिहायचं. पाच रुपयांचा चहा असला तरी लिहायचा. महिना झाला की बेरीज करायची.

कोणी म्हणेल, आम्हाला लिहिता येत नाही. मग पोरीला सांगा, नातवाला सांगा. तेही नसेल तर आमच्या एका गटातल्या मावशीची युक्ती करा. तिने दोन डब्या ठेवल्या आहेत. मजुरी आली की दहा रुपयांना एक तुरीचा दाणा एका डबीत. खर्च झाला की दहा रुपयांना एक हरभऱ्याचा दाणा दुसऱ्या डबीत. बाजाराच्या आदल्या दिवशी दोन्ही डब्या पदरात ओतून मोजते. अक्षर न येणाऱ्या बाईचा हा हिशेब गटातल्या अनेक वह्यांपेक्षा चोख निघाला आहे.

या वहीचा उपयोग काय? एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे घरोघरी खर्रा चालतो. वीस रुपयांचा एक धरा, दिवसाला दोन. रोजचे ४० रुपये. रोज बघितले तर काहीच वाटत नाहीत. महिन्याचे १,२०० होतात, वर्षाचे १४,६००. आता २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारने ठरवलेला भाव होता ९०१ रुपये. म्हणजे एका माणसाच्या वर्षाच्या खर्ऱ्यात बियाण्याची सोळा पाकिटं येतात.

हा हिशेब आम्ही माणसांना टोचायला सांगत नाही. टोचून खर्रा सुटत नाही, घरात भांडण मात्र होतं. पण वहीचं पान समोर ठेवलं आणि "हे बघा, या महिन्यात असं झालं" एवढंच म्हटलं, तर बोलणं सुरू होतं. दोनाचा एक झाला तरी वर्षाला ७,३०० रुपये राहतात. आणि वहीत आपलाही खर्च दिसतो बरं. पोरांच्या हातातली पाच-पाच रुपयांची पाकिटं, दोन-दोन मोबाइलचे रिचार्ज, दारावर हप्त्याने घेतलेली साडी. वही कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून तिच्यावर घरात विश्वास बसतो.

दुसरी सवय, आधी बाजूला, मग बाजार.

मजुरीचा चुकारा बहुतेक ठिकाणी बाजाराच्या दिवशी होतो. पैसे घेतले की तसंच बाजारात जायचं, ही आपली रीत. घरी येईपर्यंत हातात उरतं ते उरतं. उरलेल्यातून बचत करायची म्हटलं तर कधीच होत नाही, कारण बाजारात उरत नसतं. म्हणून क्रम बदलायचा. चुकारा हातात आला की पहिली नोट बाजूला काढायची, मग पिशवी उचलायची.

किती काढायची? समजा वेचणीचा दर किलोला १० रुपये आहे आणि तुम्ही दिवसाला ३५ किलो वेचता. दिवसाचे ३५० झाले, सहा दिवसांचे २,१००. त्यातले २०० बाजूला काढा. वेचणी चौदा आठवडे चालली तर २,८०० रुपये होतात. बियाण्याची तीन पाकिटं येऊन वर थोडे उरतात. एकराला दोन पाकिटं धरली तर दीड एकराचं बियाणं तुम्ही माघ-फाल्गुनातच बांधून ठेवलं. ज्यांना शेत नाही, त्यांच्यासाठी हेच २,८०० म्हणजे जूनमधला किराणा आणि पोरांची शाळा. दोनशे जमत नसतील तर शंभर काढा, पन्नास काढा. पण दर आठवड्याला काढा. एका आठवड्यात पाचशे आणि पुढे चार आठवडे काहीच नाही, यापेक्षा नेमाचे पन्नास बरे.

हे पैसे ठेवायचे कुठे? डब्यात, गादीखाली, पिठात ठेवू नका. घरातला पैसा सगळ्यांना माहीत असतो. पोळ्याला, पाहुण्याला, दवाखान्याला तोच निघतो. आपल्या खात्यात भरा. गावात बँक सखी किंवा बीसी सखी येत असेल तर तिच्याकडे भरा आणि पावती घ्या. गटात नेहमीच्या बचतीशिवाय जास्तीची ऐच्छिक बचत घेत असतील तर तिथे भरा, पण ती आपल्या पासबुकात वेगळी लिहून घ्या. आणि वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, "जून". नाव दिलेला पैसा सहज मोडवत नाही.

याच जोडीला लाडक्या बहिणीच्या पैशाचं बोलू. जुलै २०२४ पासून पात्र बहिणींना महिन्याला १,५०० रुपये खात्यावर येतात. कोणाचे औषधात जातात, कोणाचे किराण्यात. तसे जाणारच. पण हप्ता जमा झाला त्याच दिवशी त्यातले २०० जूनच्या नावाने वेगळे ठेवले, तर बारा महिन्यांत २,४०० होतात. ही रक्कम तुमच्या नावावर येते, तेव्हा ठरवण्याचा पहिला हक्कही तुमचाच.

तिसरी सवय, गटाची बैठक आणि आपलं पासबुक.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब. उमेद अभियान आलं तेव्हापासून, आणि माविमच्या गटांतही, बैठकीत हे म्हणतच आलो. पण वेचणीच्या दिवसांत बैठका गळतात. "आता सवड नाही, संक्रांतीनंतर बसू." म्हणजे पैसा असतो तेव्हा बैठक नाही आणि बैठक होते तेव्हा पैसा नाही! या दिवसांत बैठक रात्री जेवणं झाल्यावर घ्या, अर्ध्या तासाची घ्या, पण मोडू नका.

गटाचं कर्ज आणि बाहेरचं कर्ज यात फरक काय, ते एकदा आकड्यांत बघू. गटातून शेकडा २ रुपये महिन्याने १०,००० घेतले आणि दर महिन्याला १,००० मुद्दल फेडलं. पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं उतरत जातं. दहा महिन्यांत कर्ज संपतं आणि व्याज होतं १,१००. ते व्याजही गटातच, म्हणजे आपल्यातच राहतं. आता तेच १०,००० सावकाराकडून शेकडा ५ ने घेतले. महिन्याला ५०० व्याज. दहा महिन्यांत ५,००० देऊन झाले, आणि मुद्दल १०,००० तसंच उभं आहे. शेकडा पाच ऐकायला लहान वाटतं. वर्षाचे ते शंभराला साठ होतात.

गटाची घडी नीट असेल तर बँकेचं कर्जही मिळतं. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला ७ टक्के व्याजाने देण्याची सोय आहे. पण बँक पहिल्यांदा काय बघते? बैठकीचं रजिस्टर, बचतीची नियमितता, परतफेड. म्हणजे आपण रात्री अर्धा तास बसतो, त्यावरच हे कर्ज उभं राहतं.

आणि एक सांगणं. आपलं पासबुक अध्यक्षाच्या पिशवीत राहू देऊ नका. भरणा केला की नोंद करून घ्या, घरी न्या. बँकेचं पासबुकही दर महिन्याला छापून आणा. अध्यक्ष-सचिवावर अविश्वास म्हणून नव्हे, त्यांच्यावर उद्या बोट उठू नये म्हणूनही हे बरं असतं.

चौथी सवय, सहीआधी तीन प्रश्न.

आता जरा नाजूक विषय. गावात फायनान्सच्या गाड्या येतात. आधार कार्ड, दोन फोटो, दहा बायांचा घोळका, आठ दिवसांत पैसे. अडीच्या वेळी हे कर्ज कामाला येतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याचं, असं सुरू झालं की ती बाई मनाने खचते. हप्त्याच्या दिवशी घराला कुलूप लावून वावरात बसणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. सोबतच्या बायांनीच तिच्या दारात जाऊन बसायचं, हे तर गावाची माया तोडणारं आहे.

म्हणून सही किंवा अंगठा करण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. पहिला, माझ्या हातात नक्की किती येणार? विमा, फी, सगळं कापून किती? दुसरा, शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार? तिसरा प्रश्न त्यांना नाही, स्वतःला विचारायचा. जून-जुलैचा हप्ता मी कुठून भरणार? वेचणीत पाच हप्ते सहज जातात, म्हणून कर्ज हलकं वाटतं. जो हप्ता जूनमध्ये भरता येईल, तेवढंच कर्ज आपल्याला झेपतं.

या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ एप्रिल २०२२ पासून ते लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज हे सूक्ष्म कर्ज. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वार्षिक व्याजदर आणि सगळे आकार लिहिलेला साधा तक्ता कर्जदाराला द्यावा लागतो, त्यात नसलेला पैसा घेता येत नाही. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत हवं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हावी. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, अपशब्द वापरायचा नाही. असं झालं तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर लिहून ठेवा.

याच सवयीतला आणखी एक नेम. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर कर्ज उचलायचं नाही. जाऊबाई असो, मैत्रीण असो, गल्लीतला भाऊ असो. "हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा" या शब्दावर गेलेल्या बायांना नंतर कागदावर स्वतःचंच नाव सापडतं. नाही म्हणणं जड जात असेल तर गटाचं नाव सांगा. "आमच्या गटात तसा ठरावच आहे," असं म्हणता यावं म्हणून तसा ठराव खरंच करून ठेवा. आणि फोनवर कोणी ओटीपी विचारला, पिन विचारला, तर तो बँकेचा माणूस नाही असं समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. वेळ जाईल तसे पैसे परत मिळणं कठीण होतं.

पाचवी सवय, वर्षातून एकदा घराचे कागद उघडून बसणे.

ही सवय रोजची नाही, वर्षाची आहे. पण आमच्या मते सगळ्यात मोलाची. गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला, जेवणं झाली की नवरा-बायको, घरातली मोठी माणसं, कळती पोरं एकत्र बसा. सातबारा, बँकेची पुस्तकं, सोसायटीच्या कर्जाचे कागद, विम्याचे कागद, सगळं समोर घ्या. एका पानावर लिहा. कोणाचं किती देणं आहे, व्याज किती, कधी द्यायचं, कागद कुठे आहे. हातउसने घेतलेलेही लिहा. कृषी केंद्राची उधारी लिहा.

हे का सांगतो? आपला जिल्हा कशासाठी वर्तमानपत्रात येतो, ते आपल्याला ठाऊक आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे राहून संसार ओढणारी बाई त्या मंचावर बोलली आणि महाराष्ट्राने ऐकलं. आपल्या गटांतही अशा ताया आहेत. त्यांच्याकडून आम्ही वारंवार ऐकलं आहे की माणूस गेल्यावर एकेक जण दारात यायला लागला, तेव्हा कळलं कर्ज किती होतं. तोवर त्या माणसाने ते एकट्याने उरात ठेवलं होतं. आपल्याला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. कर्ज माहीत झाल्याने ते कमी होत नाही, हे खरं. पण ते दोघांना माहीत असलं तर दोघं मिळून वाट शोधतात. घरात कोणाचं मन फार अंधारून आलं असेल, जेवणखाण सुटलं असेल, बोलणं बंद झालं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, तिथे बोलायला पैसे लागत नाहीत.

कागद उघडले की तीन गोष्टी बघा. पहिली, सावकार परवान्याचा आहे का. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि तारण नसेल तर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे. अशा माणसाने कर्जापायी जमीन लिहून घेतली असेल, तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय आहे, चौकशी तिथून सुरू करा. एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघींना सोबत न्या.

दुसरी गोष्ट, वारस. प्रत्येक खात्यावर आणि विम्यावर वारसाचं नाव लागलं आहे का ते बघा. सातबारावर आपलं नाव आहे का, सासरे गेल्यानंतर वारस नोंद झाली का, तेही बघा.

तिसरी गोष्ट, विमा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये लागतात, १८ ते ७० वयापर्यंत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. जीवनज्योती विमा योजनेला वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात त्यात नाव घालता येतं, त्यातही २ लाख. दोन्ही मिळून ४५६, म्हणजे महिन्याला ३८ रुपये. दोघा नवरा-बायकोचे ९१२. हे पैसे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. नेमके तेव्हाच आपलं खातं कोरडं असतं, पैसे कापले जात नाहीत आणि विमा बंद पडतो. घराला वाटतं विमा आहे, आणि वेळ आल्यावर कळतं की नव्हता. म्हणून पाडव्याला बसाल तेव्हाच ४५६ खात्यात सोडून द्या, आणि जूनमध्ये पासबुक छापून ते कापले गेले का ते बघा.

तर अशा या पाच सवयी. रात्रीची वही, आधी बाजूला मग बाजार, बैठक आणि पासबुक, सहीआधी तीन प्रश्न, आणि वर्षातून एकदा कागद.

आता कोणी ताई म्हणेल, "हे सगळं ठीक आहे, पण कापसाला भाव नाही, पाऊस वेळेवर नाही, डुक्कर-रोही पीक ठेवत नाहीत. तुमच्या वहीने काय होणार?" प्रश्न रास्त आहे. वहीने भाव वाढत नाही. भावासाठी, पीक विम्यासाठी, रोजगाराच्या कामासाठी ग्रामसभेत उठून बोलावंच लागेल, आणि ते आपण बोलू. गरिबी बायांच्या हिशेबात चूक असते म्हणून येत नाही. चहाचे पाच रुपये वाचवून कोणी श्रीमंत होत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण जूनमध्ये बियाण्याची तीन पाकिटं स्वतःच्या पैशाने घेता येणं आणि त्यासाठी शेकडा पाचने दारात उभं राहणं, यात मोठा फरक आहे. जो पैसा सावकाराकडे व्याजात जातो तो आपल्याच वेचणीचा असतो. तेवढा तरी घरात राहावा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आणि सगळ्या सवयी एकदम लावायला जाऊ नका. जमणार नाही आणि मन खट्टू होईल. या महिन्यात फक्त वही घ्या. ती एखाद्या जुन्या सवयीला बांधा. संध्याकाळी दिवा लावता ना, मग दिवा लावला की वही, किंवा रात्री भांडी आवरली की वही. वेगळी वेळ काढायला गेलात तर ती मिळणार नाही. चार दिवस खंड पडला तर मागचं आठवत बसू नका, आजपासून पुढे लिहा. दुसऱ्या महिन्यात बाजाराच्या दिवशीची नोट बाजूला काढायला लागा. तोवर पहिली सवय अंगवळणी पडलेली असेल.

गटाने एक करायचं. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की सचिव ताईने सगळ्यांना एवढंच विचारायचं, "वही लिहिली का?" हो किंवा नाही, इतकंच. कोणाच्या वहीत काय आहे ते वाचायचं नाही. कोणाच्या घरातला खर्ऱ्याचा आकडा मोठ्याने बोलायचा नाही. ज्या बाईची वही राहिली तिला शेजारणीने आठवण करायची. बाजूला काढलेली जूनची रक्कम मात्र गटाच्या रजिस्टरात शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. मे महिन्यात ते पान उघडून बेरीज करा. दहा-बारा जणींच्या गटाने दर आठवड्याला शंभर-शंभर जरी ठेवले, तरी चौदा आठवड्यांत चौदा ते सतरा हजार होतात. त्या रकमेत गटाने एकत्र बियाणं आणलं तर गाडीभाडं वाटून जातं, पक्कं बिल घेता येतं, आणि बिल हातात असलं की उगवलं नाही तर तक्रारही करता येते.

तुमच्या गटात कोणी वेगळी युक्ती काढली असेल, कोणाच्या घरात या वहीवरून काही चांगलं ठरलं असेल, तर आम्हाला बैठकीला आलो की नक्की सांगा. तुरीच्या दाण्यांची युक्ती आम्हाला अशीच एका बैठकीत मिळाली. पुढच्या बाजाराला पिशवी उचलण्याआधी पहिली नोट बाजूला काढा. आणि आज रात्री वहीवर दोन रेघा मारून झोपा.